अलोइसची कालवड आणि आमची खासदारकी

ओबरडॉर्फमध्ये डेमोक्रॅट पक्षाची काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, बैठक टिली वासिंगरच्या स्वयंपाकघरात भरते. सभागृह लागत नाही. टेबलाभोवती मावतील एवढेच आम्ही उरलो आहोत, आणि त्यातलीही एक खुर्ची बहुतेक वेळा मांजराला मिळते. अध्यक्ष टिली. तिच्या आधी तिचे वडील अध्यक्ष होते. त्या पदासाठी कधी मतदान झालं नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते नकोच होतं.

असं पूर्वी नव्हतं. टिलीच्या लहानपणी सगळं गावच डेमोक्रॅट होतं. आमचे पणजोबा रशियातून आलेले जर्मन कॅथलिक. घराघरात भिंतीवर पोपचा फोटो असायचा आणि शेजारी मारल्या गेलेल्या तरुण डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांचा. मग हळूहळू पोप भिंतीवर राहिले आणि शेजारचा फोटो तळघरात गेला. कोणी भांडलं नाही, कोणी काही जाहीर केलं नाही. आता पश्चिम कॅन्ससच्या या मतदारसंघात चारातली तीन मतं रिपब्लिकन पक्षाला पडतात, आणि चौथं पडतं ते आमच्याकडे नाही, लांबच्या कॉलेजच्या गावात.

टिलीच्या भिंतीवर दोन्ही फोटो अजून आहेत. मी एकदा तिला विचारलं, "टिली, सगळे गेले. तू का नाही गेलीस?"

तिनं दिव्याचं बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. "आमच्या शेतावर तारा ओढणं परवडत नाही, असं वीज कंपनीनं बाबांना तोंडावर सांगितलं होतं. मग डेमोक्रॅट सरकारनं ओढल्या. बाबा म्हणायचे, ज्याला हे विसरायचं असेल त्यानं खुशाल अंधारात बसावं."

"अगं, त्याला ऐंशी वर्षं होत आली."

"वीज अजून येतेच आहे ना?"

शाळेत मी इतिहास शिकवायचो, पण असे धडे पुस्तकात नसतात.

टिलीचं खरं नाव क्लोटिल्डा. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, केस कायम नुकतेच सेट करून आल्यासारखे. नवरा लिओ लवकर गेला. मूल नव्हतं. डॉक्टर मार्लन डिन्केल यांच्या जनावरांच्या दवाखान्यात ती तीस वर्षं फोन उचलत होती. मार्लन तिच्याहून बराच लहान. ती त्याच्या आईच्या शेजारी राहायची आणि त्यानं लहानपणी तिच्या अंगणातल्या चेरी चोरलेल्या. दवाखान्यात ती त्याला "अहो डॉक्टर" म्हणायची आणि चर्चच्या पायऱ्यांवर "अरे मार्लन". यात तिची कधी चूक झाली नाही. दाराच्या आत एक माणूस, दाराबाहेर दुसरा.

फोन उचलणं म्हणजे काय, हे आमच्याकडे राहिल्याशिवाय कळायचं नाही. शेतकऱ्याची गाय अडते तेव्हा तो सरळ बोलत नाही. आधी हवा, मग गव्हाचा भाव, मग "डॉक्टर कामात असतील ना?" असं विचारून गप्प बसतो. टिली त्या गप्प बसण्यावरून ओळखायची, की गाय उभी आहे की पडली. कोण घाबरट, कोण हट्टी, कोण मरायला टेकलेलं जनावरही "जरा मलूल आहे" म्हणून सांगतो, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. डॉक्टरांना दिवसात एकाच दिशेला जावं लागेल अशी ती कामं लावायची. डॉक्टर म्हणायचे, "ट्रक मी चालवतो, पण स्टिअरिंग टिलीच्या हातात."

त्या वर्षी उमेदवारी अर्ज भरायची मुदत संपत आली तरी आमच्याकडून खासदारकीला कोणी उभं राहायला तयार नव्हतं. टिलीनं दातांच्या डॉक्टरला विचारलं, निवृत्त न्यायाधीशांना विचारलं, एका माजी ननलाही विचारलं. ननबाई म्हणाल्या, "मी आयुष्यभर हरणाऱ्यांसाठी प्रार्थना केली आहे, टिली, पण त्यांच्यात उभं राहायचं म्हणजे जरा जास्त होतं."

शेवटी तिनं मार्लनला धरलं. तो एका गाईचं पोट शिवत होता आणि टिली दिवा धरून उभी होती. त्याला पळून जाता येणार नाही हे बघूनच तिनं विषय काढला.

"डॉक्टर, यंदा तुम्ही अर्ज भरा."

"कसला? टिली, दिवा इकडे."

"वॉशिंग्टनचा."

"मला हरायला वेळ नाही."

"हरायला वेळ कशाला लागतो? काही करावंच लागत नाही. मतपत्रिकेवर दुसरं नाव दिसलं पाहिजे एवढंच. एकाच नावाची मतपत्रिका म्हणजे काय मतदान झालं?"

मार्लन हसला. टाका घालून झाल्यावर म्हणाला, "फक्त नाव."

"फक्त नाव," टिली म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. पण मार्लन डिन्केलला अर्धं काम करता येत नाही, हे तिला माहीत असायला हवं होतं. जुलैपर्यंत तो दर शनिवारी ट्रक घेऊन निघायला लागला. आमचा मतदारसंघ एवढा मोठा की एका टोकाला पाऊस लागला तरी दुसऱ्या टोकाला गहू वाळतच असतो. कुठल्या तरी गावच्या मिरवणुकीत तो शेवटच्या घोड्यांच्या मागून चालायचा, कारण अर्ज उशिरा देणाऱ्यांना ती जागा मिळते, आणि चालताना खाली बघावं लागतं. टिली ट्रकमधून गोळ्या-चॉकलेटं फेकायची. पोरं वेचायची, आईबाप हात हलवायचे, आणि त्यांच्या मागच्या अंगणातल्या पाट्या मात्र दुसऱ्या उमेदवाराच्या.

"पोरांत आपली लाट आहे," टिली म्हणायची. "दहा वर्षांखालच्यांना मत असतं तर आपण जिंकलोच होतो."

समोरचे खासदार वीस वर्षं त्या खुर्चीवर होते. वाईट माणूस नव्हे. आले की सगळ्यांचे हात हातात घ्यायचे, प्रत्येकाच्या आईची चौकशी करायचे, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत दिसायचे नाहीत. वादसभेला त्यांनी मार्लनला एकदाच होकार दिला: सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी, कॉलेजच्या गावातल्या रेडिओवर, दुपारी बारा ते एक.

ही वेळ ऐकून टिलीचे डोळे चमकले. बाराला धान्याचे भाव सांगतात. त्या तासाला मतदारसंघातला प्रत्येक ट्रॅक्टर, प्रत्येक ट्रक, प्रत्येक स्वयंपाकघर तेच रेडिओ केंद्र लावून बसलेलं असतं. जिंकायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला एकच हवं होतं: तासभर लोकांनी मार्लनचं ऐकावं. आयुष्यभर तिनं ज्यांच्यासाठी पत्रकं वाटली त्यांच्यातल्या एकाचंही कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ती म्हणाली, "डॉक्टर, उद्या फोन बंद ठेवायचा."

"नाही. समोर टेबलावर ठेवीन. तुमचा आला तर उठेन."

"अहो, रेडिओवरून कोणी असं उठून जातं का?"

"टिली, तुमचा आला तर उठेन."

गुरुवारी साडेअकराला दवाखान्यातला फोन वाजला. अलोइस ब्रुंगार्ट.

अलोइस टिलीचा लांबचा मावसभाऊ, दोघं एकाच वर्गात शिकलेले. सहा फूट उंच, आवाज मात्र तक्रार करणाऱ्या पोरासारखा. काळ्या अँगस जातीच्या गाई पाळतो, आणि त्यांच्यापेक्षा काळजी जास्त पाळतो. अलोइसची गाय शिंकली तरी फोन येतो. रात्री-अपरात्री डॉक्टर धावत गेल्यावर गाय शांतपणे रवंथ करताना सापडते, असं इतक्या वेळा झालं होतं की टिलीनं त्याच्यासाठी वेगळी पद्धत ठेवली होती: पहिल्या फोनला धीर द्यायचा, दुसऱ्याला डॉक्टर पाठवायचे. त्या पद्धतीनं कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं.

"टिली, पहिलारू कालवड अडली आहे गं."

"किती वेळ झाला?"

"मी सकाळी आलो तेव्हा सुरूच होतं. पाय दिसतायत."

"दोन्ही?"

"दोन्ही. पण डोकं दिसत नाही."

"डोकं मागूनच येतं, अलोइस. तुझंही तसंच आलं असेल."

"मार्लनला सांग ना."

"मार्लन दीड तासावर आहे. बाराला रेडिओवर बोलणार आहे, तुला माहीत नाही? तू तिला गोठ्यात उभी कर, जवळ जाऊ नकोस, घाबरवू नकोस. तासभर बघ. मी एकला त्याला फोन करते."

"पलीकडच्या डॉक्टरला बोलावू का मग?"

"तुला तो पोरगेला डॉक्टर चालतो का? मागे एकदा आला तेव्हा तूच त्याला परत पाठवलंस."

"ते खरं," अलोइस म्हणाला, आणि थोडा वेळ गप्प बसला.

त्या गप्प बसण्याचा अर्थ टिलीला एरवी लागला असता. पण बारा वाजायला अर्धा तासच उरला होता, आणि तिनं रेडिओकडे हात नेला होता.

त्या दिवशी मार्लन जसा बोलला तसा तो पुन्हा कधी बोलला नाही. मीही घरी ऐकत होतो. गावोगाव बंद पडणारी इस्पितळं, जमिनीखालचं खोल खोल जात चाललेलं पाणी, शिकून पोरं परत येत नाहीत ते. आकडे त्यानं फार सांगितले नाहीत. गाय तपासताना बोलतो तसाच बोलला, मधे मधे थांबून. खासदारांनी विचारलं, की तुम्हाला राजकारणाचा अनुभव काय? तो म्हणाला, "काही नाही. मला एवढंच माहीत आहे, की फोन आला की जायचं. आमच्याकडे फोन वाजतो आणि कोणीतरी उचलतं. वॉशिंग्टनला करून बघा."

दवाखान्यात टिली काउंटरवर डोकं ठेवून रडली. मधे साडेबाराला अलोइसचा पुन्हा फोन आला. दुसरा फोन. तिनं उचलला, आणि तो काही बोलायच्या आत म्हणाली, "अरे अलोइस, ऐकतोस ना? मार्लन बोलतोय. एकला करते म्हटलं ना मी." आणि ठेवला.

एक वाजून गेल्यावर तिनं मार्लनला कळवलं. मार्लननं तिथूनच पलीकडच्या काउंटीतल्या तरुण डॉक्टरला फोन केला. तो पोहोचला तेव्हा कालवड खाली पडली होती. वासराचं डोकं मागे वळलेलं होतं. आत हात घालून सरळ केलं असतं तर झालं असतं, पण ते सकाळी. वासरू मेलेलंच निघालं. कालवड संध्याकाळपर्यंत टिकली, तोवर मार्लन पोहोचला होता. तो सूट घातलेलाच होता. गोठ्यात त्या सुटातच गुडघे टेकून बसला.

मार्लन उठल्यावर अलोइस म्हणाला, "रेडिओ ट्रकमध्ये लावला होता. तू छान बोललास. तू बोलत होतास तोपर्यंत ती उभी होती."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मार्लननं टिलीला विचारलं, "अलोइसनं डोकं दिसत नाही असं सांगितलं होतं का?"

"हो."

"साडेअकराला?"

"हो."

तो बराच वेळ हात धूत राहिला. "मला उठावंही लागलं नसतं, टिली. मी तिथूनच त्या पोराला पाठवलं असतं. एक फोन. जागेवर बसून."

हे टिलीच्या डोक्यात आलंच नव्हतं. आपल्यापुढे दोनच गोष्टी आहेत, एक ठेवायची तर दुसरी सोडावी लागेल, असं धरूनच ती बसली होती. आता तिला कळलं की दोन्ही ठेवता आल्या असत्या.

ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे गाभणतपासणीचा हंगाम. वासरं आईच्या दुधावरून तोडली, की गाई एकामागून एक लोखंडी पिंजऱ्यात घेतात, डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा घालून हात आत घालतो आणि ओरडतो, "गाभण!" किंवा "रिकामी!" गाभण ती राहते, रिकामी ती विकायला जाते. दवाखान्याचं वर्ष या दोन महिन्यांवर चालतं, आणि तारखा सप्टेंबरमध्येच ठरलेल्या असतात.

पहिला फोन सोमवारी आला. "टिली, आमच्या गाई यंदा जरा उशिरा तपासाव्यात म्हणतो. आम्ही कळवू." मग दुसरा. "मुलगा नाही इथे, हात कमी पडतात." मग एकजण म्हणाला की पिंजरा मोडला आहे. तो पिंजरा टिलीनं परवाच रस्त्यावरून जाताना धड बघितला होता. कोणी रागावून बोललं नाही. कालवडीचं नाव कोणी काढलं नाही. प्रत्येकजण हवेबद्दल बोलला, गव्हाच्या भावाबद्दल बोलला, आणि शेवटी म्हणाला, "डॉक्टरांना नमस्कार सांग." टिली प्रत्येक तारखेवर रेघ मारत गेली.

बोलणं व्हायचं ते धान्यकोठाराच्या ऑफिसात, सकाळच्या कॉफीला. तिथं एक भांडं, आठ-दहा खुर्च्या आणि कोणालाही न सोडणारी माणसं असतात. मी अधूनमधून जातो.

"मार्लनला फोन करायचा तर आता रेडिओ केंद्रावर करावा लागतो म्हणे."

"वॉशिंग्टनला करून बघ, तिथं लवकर उचलतील."

"अरे, तो निवडून आला तर आपल्या गाई कोण तपासणार? खासदार? त्यांना गाय आणि बैल वेगळे दिसतात का ते आधी विचार."

सगळे हसले. मी म्हटलं, "तीस वर्षं तो तुमच्या गोठ्यात रात्र रात्र बसला. एक दिवस चुकलं."

कोपऱ्यातला एकजण, जो कधी हसत नाही, म्हणाला, "गुरुजी, एक दिवस चुकला म्हणून नाही. कशासाठी चुकला ते बघा ना."

मला कळलं, की मार्लन डेमोक्रॅट होता हे त्यांनी कधीच माफ केलेलं होतं. तो आमच्यातला होता आणि आमच्याकडे यायचा, एवढं पुरेसं होतं. तो दुसऱ्या कोणासाठी आमच्यापासून गेला, हे मात्र त्यांच्या पचनी पडलं नाही.

मार्लननं कोणालाही काही सांगितलं नाही. टिलीनं फोन दाबून ठेवला होता हे सांगितलं असतं तर त्याची सुटका झाली असती. एकदा मी सुचवलंही. तो म्हणाला, "माझ्या दवाखान्यातला फोन म्हणजे मीच."

पण टिलीला राहवेना. ऑक्टोबरच्या मधल्या रविवारी, प्रार्थनेनंतर चर्चच्या खालच्या हॉलमध्ये कॉफी चालू होती. बायकांनी बिअरॉक आणले होते, कोबी आणि खिमा भरलेले गरम पाव. अलोइस बायकोबरोबर, मार्सेलाबरोबर, मधल्या टेबलाशी बसला होता. टिली त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अलोइस, तुझा फोन मी दाबून ठेवला. मार्लनला त्यातलं काही माहीत नव्हतं. तो उठून आला असता. मीच सांगितलं नाही, कारण त्यानं बोलावं असं मला वाटत होतं. दोष माझा आहे. त्याच्या गाई त्याच्याकडून काढून घेऊ नका."

अलोइसनं तोंडातला घास संपवला. "ते मला कळलंच होतं, टिली. फोन मीच केला होता ना."

"मग तू कोणाला बोलला का नाहीस?"

"बोलून काय, कालवड उठणार होती?"

मार्सेला म्हणाली, "बस गं, टिली. थंड होईल." आणि तिच्यापुढे एक बिअरॉक सरकवला. टिली बसली. तिनं तो खाल्ला नाही, पण हातात घेऊन बसून राहिली, कारण मार्सेलानं दिलेला खाली ठेवला तर तो नाकारल्यासारखा दिसला असता.

संध्याकाळी मार्लन तिच्या घरी आला. दाराबाहेर होता म्हणून ती म्हणाली, "ये रे मार्लन." त्यानं टोपी काढली नाही.

"टिली, तुम्ही हे काय केलंत? आता मी तुम्हाला ठेवलं तर मी राजकारणी, आणि काढलं तर हलकट. दोन्हीकडून मीच."

"मी स्वतः जाते. मग कोणीच नाही."

"मी जायला सांगितलेलं नाही."

"ते कळलं मला. निवडणूक होईपर्यंत राहते. मग जाते. आत्ता गेले तर तुला प्रचार करता यायचा नाही."

मार्लन हसायला लागला. टिलीही हसली. दोघं दारात उभे राहून बराच वेळ हसले, आणि त्यात आनंदाचं काही नव्हतं.

उरलेले आठवडे त्यांनी प्रचार केला. करावाच लागला, लोकांना कबूल केलेलं होतं. मतदारसंघाच्या पार पश्चिमेच्या टोकाला एका वाचनालयात चार माणसं आली. त्यातलं एक जोडपं कोलोरॅडोतलं निघालं, पाऊस आला म्हणून आत शिरलेलं. मार्लन त्यांच्यापुढे पाऊण तास बोलला. पाण्याबद्दल, इस्पितळांबद्दल. फोनबद्दल बोलायचं मात्र त्यानं सोडून दिलं होतं.

निकाल काय लागला ते सांगण्यात अर्थ नाही. जो लागायचा तोच लागला. एवढंच सांगतो, की आमच्या काउंटीत त्याला आमच्याच पक्षाच्या आधीच्या वेळच्या उमेदवारापेक्षा कमी मतं पडली, आणि तो आधीचा उमेदवार आमच्या काउंटीत एकदाही आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात टिली तिच्या वस्तू-बिस्तू आवरत होती: एक कप, एक उशी, ख्रिसमसचा दिव्यांचा गुच्छ. मार्लन नेहमीच्या ओव्हरऑलमध्ये मागे औषधं मोजत होता. फोन वाजला.

"हवा बरी आहे आज," अलोइस म्हणाला.

"बरी आहे."

"गव्हाला ओल हवी होती."

"हवी होती."

तो थोडा वेळ गप्प बसला. "निवडणूक झाली ना? आता मार्लन मोकळा असेल. आमच्या गाई तपासायच्या राहिल्यात."

टिलीनं तारीख लिहून घेतली. त्या दिवशी दुपारपर्यंत फोन वाजत राहिला. मोडलेला पिंजरा दुरुस्त झाला होता, बाहेरगावचा मुलगा परत आला होता. तिनं सगळ्या तारखा लावल्या, डॉक्टरांना एका दिवसात एकाच दिशेला जावं लागेल अशा, आणि वही मार्लनच्या टेबलावर ठेवली. त्यांनी डॉक्टर परत घेतला होता. निवडून पाठवायला ते कधीच तयार नव्हते; त्याच्याविना राहायलाही तयार नव्हते. तो हरला म्हणजे तो परत आला, एवढाच त्यांच्या लेखी निकालाचा अर्थ होता.

"थांबलात तरी चालेल," मार्लन म्हणाला.

"माझा आवाज ऐकला की त्यांना ती कालवड आठवेल, डॉक्टर." तिनं कप पिशवीत ठेवला. "आज त्यांना फार बोलायला लागलं हवेबद्दल."

पुढच्या दोन वर्षांत टिली थोडी म्हातारी झाली. बैठक तिच्याच स्वयंपाकघरात भरत राहिली. खासदारकीच्या अर्जाची मुदत पुन्हा आली. तिनं दातांच्या डॉक्टरला विचारलं, त्याच्या मुलाला विचारलं, कॉलेजच्या गावातल्या एका बाईंना पत्र लिहिलं. बाईंचं फार छान उत्तर आलं. मार्लनला तिनं विचारलं नाही, आणि त्यानं, ती विचारेल या भीतीनं असेल, त्या महिन्यात चर्चच्या मागच्या दारानं जायला सुरुवात केली. अर्ज कोणाचाच आला नाही.

मतदानाच्या टेबलाशी दोन्ही पक्षांचं एकेक माणूस बसायला लागतं, असा कायदा आहे. डेमोक्रॅट म्हणून टिली बसली, कारण दुसरं कोणी सापडत नव्हतं. मीही तिथं होतो, पण मलाही टेबलाशी बसवलं असतं तर आमच्या पक्षाचे दोघे होऊन कायदा मोडला असता, म्हणून मी नुसता दारापाशी लोकांना रांग दाखवत होतो.

दुपारी अलोइस आला. टोपी हातात. टिलीनं नाव शोधलं, सही घेतली, मतपत्रिका पुढे केली.

त्यानं ती लांब धरून वाचली. "तुमचं कोणीच नाही?"

"इथं त्याबद्दल बोलायचं नसतं, अलोइस."

"बोलत नाहीये. वाचतोय." त्यानं पुन्हा बघितलं. "एकच नाव आहे."

"एकच आहे."

तो आडोशाला गेला नाही, तिथंच उभा राहिला. मागं रांग नव्हती. "मार्लननं तुझ्या जागी कोणी ठेवलं नाही. फोनला यंत्र बसवलंय, तेच बोलतं. माहीत आहे?"

"ऐकलं."

"यंत्र म्हणतं, थांबा. का थांबायचं ते सांगत नाही. मी फोन ठेवतो आणि ट्रक घेऊन सरळ दवाखान्यात जातो. जायला यायला पाऊण तास मोडतो. परवा एक गाय तेवढ्यात व्याली, मी नसतानाच." त्यानं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "वासरू बरं आहे."

"बरं झालं," टिली म्हणाली.

तो आडोशाला गेला. एका नावासमोर खूण करायला लागतो तेवढाच वेळ लागला. कागद पेटीत गेला. टिलीनं नियमाप्रमाणे त्याला छोटं गोल स्टिकर दिलं, "मी मतदान केलं" असं लिहिलेलं. ते त्यानं शर्टाला लावलं नाही, खिशातही टाकलं नाही. बोटावर चिकटलेलं तसंच घेऊन तो बाहेर ट्रककडे गेला. टिलीनं पुढचं नाव शोधायला यादीवर पट्टी ठेवली. पुढे कोणी आलेलं नव्हतं.